वरून दुसरी पायरी

मी, खाली सही करणारी बाई, धंद्याने लाकूड कातणारी, कै. सुताराची थोरली मुलगी, कै. रंगाऱ्याची पत्नी आणि एका मुलीची आई, वय वकीलसाहेबांनी दाखल्यावरून उतरवून घेतले आहे तेवढे, हे मृत्युपत्र करते. माझे कान थोडे गेले आहेत, गुडघे बरेच गेले आहेत, डोके जागेवर आहे. डॉक्टरीणबाईंनी काल तपासून तसे लिहून दिले. लिहून देण्याआधी त्यांनी मला आज वार कोणता असे विचारले. मी वार सांगितला आणि त्या बसल्या होत्या त्या खुर्चीचा मागचा डावा पाय आखूड आहे हेही सांगितले.

हे मी कोणाच्या दडपणाखाली, नशेत किंवा कोणी भरवले म्हणून लिहीत नाही. समजून उमजून, स्वखुशीने लिहिते. हे शेवटचे शब्द वकीलसाहेबांच्या ठरलेल्या मजकुरातले आहेत. मी ते त्यांना दोनदा वाचायला लावले, कारण पुढे त्यांची गरज लागणार आहे.

कलम १. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी म्हणाले तर ती थाप समजावी, आणि म्हणणाऱ्याला चहा देऊन वाटेला लावावे.

कलम २. माझे राहते घर, म्हणजे खालच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि माळा, माझ्या लेकीला द्यावे. स्वयंपाकघराची खिडकी दमट दिवसांत अडकते. तिला धक्का मारायचा नसतो, थोडी वर उचलून ढकलायची असते. हे मी लेकीला तिच्या शाळेपासून सांगत आले आहे आणि ती धक्काच मारत आली आहे. आता खिडकी तिचीच झाली. माळ्यावर माझी शवपेटी तयार आहे. माझ्या धाकट्या भावाने ती केली तेव्हा मी तिच्यात पडून पाहिले होते, खांद्याला थोडी घट्ट आहे पण मला काही लांबचा प्रवास करायचा नाही. सध्या तिच्यात जाड पांघरुणे ठेवली आहेत. ती आधी काढावीत.

कलम ३. बँकेत जे काही असेल त्यातला अर्धा भाग लेकीला आणि अर्धा चर्चच्या छपराला द्यावा. छपराचे काम होईल त्या दिवशी तरी मंडळीने वर पाहून माझी आठवण काढावी.

कलम ४. माझे भिंतीवरचे घड्याळ पाळकसाहेबांना द्यावे. ते त्यांनी घरी नेऊ नये. चर्चमध्ये ते जिथे उभे राहून प्रवचन देतात त्याच्या बरोबर समोर, त्यांना दिसेल असे लावावे. त्यांच्यावर माझी माया आहे. माझ्या मुलीपेक्षाही ते लहान आहेत, मला मावशी म्हणतात, आणि मी कुठलाही प्रश्न विचारला तरी त्यांना राग येत नाही. पण मुद्दा संपल्यावरही माणसाने किती वेळ बोलत राहावे, याला काही मर्यादा आहे.

कलम ५. शेजारच्या पाववाल्याने माझा मोठा लोखंडी क्लॅम्प 'तासाभरासाठी' म्हणून नेला होता. त्याला आता इतकी वर्षे झाली की क्लॅम्पला पावाचा वास येतो. मी तो त्यालाच बक्षीस देऊन भांडण मिटवणार होते. पण वकीलसाहेब म्हणाले, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार राहू नये, आणि मला साक्षीला पाववालाच हवा आहे, कारण तो खरे बोलतो. फक्त क्लॅम्पच्या बाबतीत नाही. म्हणून क्लॅम्प त्याला दिलेला नाही. त्याने तो परत आणावा.

कलम ६. या कलमातून कोणाला काही मिळत नाही. वकीलसाहेब म्हणाले, मृत्युपत्रात हकिकत घालायची गरज नसते. मी म्हटले, तुम्हाला नसेल.

लेकी, हे तुझ्यासाठी आहे. तुझ्या बाबांचा पाय अधू का झाला, हे तुला लहानपणापासून एकाच पद्धतीने सांगितले गेले : शिडीची पायरी मोडली, लाकूड खोटे निघाले. ते तसे नाही. तुझ्या मामाने तुझ्या बाबांना मुद्दाम पाडले. उठून जाऊ नकोस. चष्मा पूस आणि पुढे वाच.

आमच्या वडिलांच्या कारखान्यात एक नियम होता. ज्याने वस्तू केली त्याने ती उलटी करायची आणि दिसणार नाही अशा जागी आपली खूण कोरायची. वस्तू मोडली तर कोणाला धरायचे ते कळावे, आणि टिकली तर कोणाला दुवा द्यायचा तेही कळावे. वडिलांची खूण चौकोन होती. माझी गोल, आत ठिपका. धाकट्याची दोन उभ्या रेघा आणि त्यांना कापणारी एक तिरकी.

रंगारी आमच्याकडे दारांना रंग द्यायला म्हणून आला आणि जावई होऊन राहिला. वडिलांना तो फार आवडायचा. जेवताना रोज त्याच्या हाताचे कौतुक. धाकटा समोर बसून ऐकायचा. लग्न ठरले तेव्हा वडिलांनी जावयाला धंद्यात भागीदार करायचे ठरवले, आणि धाकट्याला सांगितले की लग्नाची भेट म्हणून त्याला एक चांगली उंच शिडी करून दे. पायऱ्या मी लेथवर कातल्या. त्यातल्या एकीत मेलेली गाठ निघाली. अशी गाठ बोटाने दाबली तरी हलते. मी ती पायरी सरपणाच्या पेटीत टाकली आणि दुसरी कातून दिली.

धाकट्याने ती सरपणातून काढली. गाठीवर लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, भरली, घासली, वर पॉलिश दिले, आणि वरून दुसरी म्हणून बसवली. खालच्या पायरीवरून पडलेला माणूस कपडे झटकून उठतो, हे आम्हा सुतारांच्या पोरांना कोणी शिकवावे लागत नाही. मग शिडी उलटी करून त्याने आपली खूण कोरली, नेहमीसारखी, नीटनेटकी. चोरी करून चोराने आपली पाटी लावून जावे तसला हा प्रकार. पण आमच्या घरात खूण नसलेले काम अपुरे मानले जायचे, आणि अपुरे काम त्याच्याने हातावेगळे झाले नाही.

लग्नाला पंधरवडाही झाला नव्हता. रंगारी कारखान्याची पाटी रंगवायला त्या शिडीवर चढला. पाटीवर 'सुतार आणि मुलगा' असे होते, त्याला 'आणि जावई' हे शब्द घालायचे होते. 'आणि' रंगवून झाले होते.

मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडले. माणूस वाचला, पण पुन्हा शिडी चढला नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी धाकटा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मी लावली ती पायरी. मला माहीत होतं."

आजाऱ्याला भेटायला जाताना प्रत्येक जण काही ना काही घेऊन जातो, तशी आम्ही प्रत्येकाने एकेक सबब आणली. आई म्हणाली, "असं बोलू नये रे. सैतान शिरला असेल तुझ्या अंगात." तो म्हणाला, "आई, सैतानाला पायऱ्या बसवता येत नाहीत." वडील म्हणाले, "लाकूडच खोटं होतं." मी म्हणाले, "माझ्याकडून ढीग मिसळला असेल. मीच चांगल्यात टाकली असेल." हे म्हणताना मला ती पायरी सरपणाच्या पेटीत पडल्याचा आवाजसुद्धा आठवत होता.

धाकटा म्हणाला, "दोन्ही पायऱ्या हातात घेतल्या होत्या मी. चांगली कोणती, वाईट कोणती, मला कळत होतं. चांगली बाजूला ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं, प्यायलो नव्हतो. मला ती बसवायची होती, म्हणून बसवली."

"पण का रे बाबा?" आई म्हणाली.

"ते सांगितलं की तुम्ही त्याचीही सबब कराल."

आम्ही ऐकले नाही. वडिलांनी रंधा घेतला आणि शिडीवरची त्याची खूण तासून टाकली. दुसऱ्या दिवशी धाकट्याने ती पुन्हा कोरली. वडिलांनी पुन्हा तासली. असे बरेच दिवस चालले. दांड्याला खळगा पडला. शेवटी वडिलांनी ती शिडी कारखान्यात उंच खुंट्यांना टांगली आणि धाकट्याने खूण कोरायची बारीक पटाशी खाली ठेवली. त्यानंतर त्याने कुठल्याच वस्तूवर खूण केलेली नाही. चर्चमधले सगळे बाक त्याने केले, लेकी, तुझा पाळणा त्याने केला, आणि ते उलटे करून पाहिलेस तर खाली कोरे लाकूड आहे. मी एकदा त्याला रागावले. तो म्हणाला, "जी खूण वाईट कामावर राहू देत नाहीत, ती चांगल्या कामावर कशाला करू?"

रंगारी मात्र आमच्यापेक्षा शहाणा निघाला. दवाखान्यात धाकटा त्याच्यापाशी गेला तेव्हा मी तिथेच होते. धाकट्याने सगळे सांगितले. रंगारी छताकडे बघत म्हणाला, "वरून दुसरी. हो ना?" मग म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. हे सगळे मला सांगतात की लाकूड खोटं होतं. लाकडाला मी काय माफ करू?"

"मग मला करा," धाकटा म्हणाला.

"आज नाही जमणार. पाय फार दुखतोय आणि तुझा गळा दाबावासा वाटतोय. पुढच्या आठवड्यात ये."

धाकटा दर आठवड्याला जायचा. रंगारी दर वेळी म्हणायचा, "अजून नाही." घरी आणल्यावरही तेच. मग एक दिवस तो जेवता जेवता म्हणाला, "आज झालं रे. काल रात्रीपर्यंत नव्हतं, सकाळी उठलो तर झालेलं होतं. भाजी वाढ." त्यानंतर ते दोघे मेहुणे कमी आणि मित्र जास्त होते. खुर्चीत बसून रंगारी फक्त हात पोचेल तेवढाच भाग रंगवायचा आणि वरचा भाग धाकटा त्याच्या सांगण्याप्रमाणे रंगवायचा. पाटीवर 'आणि' तसेच राहिले. गिऱ्हाईक विचारायचे, "आणि काय?" दोघे एकदम हसायचे. लेकी, तुला पाठुंगळी घेऊन हिंडला तो हाच मामा. तुला सायकल शिकवताना मागून धावला तोही हाच. ते खोटे नव्हते आणि हेही खोटे नाही. एकाच माणसाने दोन्ही केले, आणि दोन्ही त्यानेच केले.

राहिले मी. धाकटा माझ्याकडे येऊन म्हणायचा, "ताई, एकदा म्हण ना, की मी केलं." मी म्हणायचे, "वेडा आहेस का? पोर होतास तू. चहा घे." तो तेव्हा पोर नव्हता, त्याला चांगल्या मिशा होत्या. पण 'तू केलेस' असे म्हटले असते तर मला त्याच्यावर रागवावे लागले असते, आणि तो राग केवढा आहे हे मला माहीत होते. आईवडील थकलेले, नवरा अंथरुणाला खिळलेला. भाऊ एकुलता. मला तो राग परवडणारा नव्हता. म्हणून मी त्याला आयुष्यभर माफीऐवजी चहा पाजला. त्याने तो दर वेळी पुरता प्यायला.

मध्यंतरी पाळकसाहेब मला भेटायला आले होते. मी त्यांना विचारले की माणूस पाप करतो ते त्याच्याकडून होते की तो करतो. बायबलातला आपला पहिला बाप तरी ते फळ खाल्ल्यावर कुठे कबूल झाला? त्याने बायकोवर ढकलले, बायकोने सापावर. सापाला ढकलायला कोणी मिळाले नाही म्हणून तो गप्प बसला.

ते हसले आणि म्हणाले, "मावशी, मोह दार वाजवतो. पण कडी आतून असते. ती सैतानाला काढता येत नाही, आणि देव आपला हात धरून ठेवत नाही. हात धरून ठेवला असता तर प्रेमसुद्धा जबरदस्तीचंच झालं असतं. कडी आपणच काढतो."

"मग ज्यानं काढली त्याचं काय? त्याला दया कुठून मिळायची?"

"त्यालाच तर मिळते. ज्यानं काढलीच नाही त्याला दया कशाला लागते?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. एवढे चांगले वाक्य त्यांच्या प्रवचनात कुठे दडून बसते कोण जाणे. माझ्या लक्षात आले की मी धाकट्याला वाचवले नव्हते. मी त्याला दाराबाहेर उभे केले होते, आणि वर म्हणत होते, तू आतच आहेस, चहा घे.

कलम ७. कारखाना, माझा लेथ, सगळी हत्यारे, वाळत घातलेले लाकूड आणि 'सुतार आणि मुलगा आणि' ही पाटी, हे सर्व माझ्या धाकट्या भावाला द्यावे. त्याने पाटी पुरी करावी किंवा करू नये, ही त्याची मर्जी.

खुंट्यांवरची शिडीही त्याचीच. गेल्या महिन्यात मी ती पाववाल्याकडून खाली उतरवून घेतली. वरून दुसरी पायरी मी नवी कातली आहे. सरळ रेषांचे लाकूड निवडले, गाठ नाही, आणि पायरीच्या टोकाला माझी गोल खूण आहे. वडिलांच्या रंध्याने जिथे खळगा पडला होता तिथे मी चांगले लाकूड ठोकून बसवून सपाट केले आहे. ती जागा कोरी ठेवली आहे. तिथे काय कोरायचे ते ज्याचे त्याला माहीत आहे.

कलम ८. माझ्या धाकट्या भावाने माझ्या नवऱ्याला पूर्ण शुद्धीवर, कोणाच्या दडपणाखाली नसताना, समजून उमजून, स्वखुशीने पाडले. हे पाप त्याचे आहे. सैतानाचे नाही, लाकडाचे नाही, वडिलांनी केलेल्या कौतुकाचे नाही, आणि माझ्या ढिगाचेही नाही. ते आम्ही त्याच्याकडून हिसकावून घेत आलो, ते या कलमाने त्याचे त्याला परत करते. आणि ते त्याच्या हाती दिल्यावर, मी त्याची बहीण, त्याला त्याबद्दल पूर्ण माफी देते. तिच्यावर माझ्या वारसांपैकी कोणाचाही हक्क किंवा हरकत राहणार नाही.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या लेकीने करावी. तिने मामावर रागवावे. हवे तितके दिवस रागवावे, तिचा तो हक्क आहे. पण त्याच्याकडे येत-जात राहावे. रंगाऱ्याने तेच केले होते.

सहीपूर्वीची नोंद. वरील कलम ८ वर आडवी रेघ मारली आहे. ती मी स्वतः मारली आहे आणि कारण असे :

आज सकाळी मसुदा वाचून दाखवताना वकीलसाहेब म्हणाले, "यातलं सगळं तुमच्या मागे लागू होईल."

मी विचारले, "आठवं कलमसुद्धा?"

"तेही."

"म्हणजे त्याला ते मिळेल तेव्हा मी नसेन?"

"कायद्यानं तसंच आहे, बाई."

मी पाववाल्याला पाठवून धाकट्याला बोलावून घेतले. मीच गेले असे समजून तो डोक्यात भुसा घेऊन तसाच धावत आला. मला खुर्चीत बसलेली पाहून दारातच म्हणाला, "चहा टाकू?"

"आज चहा नाही," मी म्हटले. "बस. ती पायरी मी सरपणात टाकली होती. तू ती काढलीस. तू ती मुद्दाम बसवलीस, आणि माझ्या माणसाला पाडलंस."

"हो, ताई."

"मला फार राग आला होता. अजून आहे."

"हो."

"आणि मी तुला माफ केलं."

त्याने डोक्यातला भुसा झटकला. वकीलसाहेबांनी उगाच कागद सारखे केले. मग धाकटा म्हणाला, "पुन्हा म्हण."

"पहिलं की दुसरं?"

"दोन्ही."

मी दोन्ही पुन्हा म्हटले. तो उठला, कारखान्यात गेला, आणि थोड्या वेळाने खुणेच्या त्या बारीक पटाशीवर हातोडी पडल्याचा आवाज आला. तो आवाज मी लग्नाच्या वर्षी शेवटचा ऐकला होता. मी रडले, हे मी मान्य करते. पाववालाही रडला आणि घरी जाऊन क्लॅम्प घेऊन आला.

तर कलम ८ मधली वस्तू ज्याची त्याला माझ्या हयातीतच, माझ्या हाताने पोचली आहे. ती आता माझ्या मालमत्तेत शिल्लक नाही, म्हणून कलम खोडले आहे. लेकीला वाचता यावे म्हणून रेघ बारीक मारली आहे.

सही करताना धाकटा हजर नाही. पाळकसाहेबांचा निरोप आला आहे की तो पटाशी घेऊन चर्चमध्ये पहिल्या बाकाखाली उताणा पडला आहे, त्यांना बॅटरी धरून उभे केले आहे, आणि सगळे बाक होईपर्यंत उठणार नाही म्हणतो. डॉक्टरीणबाई म्हणतात, या वयात थंड फरशीवर झोपणे बरे नव्हे. त्याच्यासाठी माझ्या पेटीतले एक जाड पांघरूण काढून पाठवले आहे.

स्थळ : माझी खालची पुढची खोली, खिडकीपाशी.
दिनांक : चौदा नोव्हेंबर, दुपार. साल शिक्क्यावर आहे.

मृत्युपत्र करणारीची सही, आणि शेजारी खूण : गोल, आत ठिपका.

साक्षीदार पहिला : पाववाला, शेजारी. बाईंनी आमच्यासमोर सही केली. खोडलेले कलमही आमच्यासमोरच खोडले. क्लॅम्प परत केला आहे.

साक्षीदार दुसरी : डॉक्टरीण. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. खुर्चीचा मागचा डावा पाय खरोखरच आखूड निघाला.